बिनवजनाचं बाळंतपण

माझ्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९९८ आहे. माजलगावच्या शाळेत आमच्या वर्गात १ जूनवाले अकरा जण होतो. ज्यांच्या आईबापांना तारीख सांगता यायची नाही, त्यांच्या नावापुढे गुरुजी ही सोयीची तारीख टाकायचे. आईला माझी तारीख माहीत नाही, पण हंगाम माहीत आहे. "पट्टा पडायला पंधरा दिवस होते," एवढं ती ठामपणे सांगते. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं. त्या साली तो मेच्या सुरुवातीला पडला, असं वडील म्हणतात. म्हणजे एप्रिल १९९८च्या दुसऱ्या पंधरवड्यात कधीतरी, सांगलीकडच्या एका उसाच्या फडाशेजारी, कोपीत मी जन्मले. कोपी म्हणजे चटया, पाचट आणि बांबूची, वाकून आत शिरावं लागणारी खोपटी.

मागच्या वर्षी रात्री मोबाइलवर काहीबाही वाचताना दिसलं, की १७ एप्रिल १९९८ला अमेरिकेतून कोलंबिया नावाचं अंतराळयान उडालं होतं आणि सोळा दिवस वर राहून ३ मेला उतरलं होतं. त्यात सात माणसं होती आणि उंदीर होते. काही उंदरीण लेकुरवाळ्या होत्या, आठ दिवसांच्या पिल्लांसकट. वजन नसलेल्या ठिकाणी पिल्लू वाढतं कसं, हे बघायचं होतं. म्हणजे आईने मला झोळीत घातलं, त्याच दिवसांत डोक्यावर काहीशे किलोमीटरवर काही पिल्लं आईच्या अंगाला चिकटायची धडपड करत होती. योगायोगच, पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी वाचत गेले.

आधी 'वजन नसलेलं ठिकाण' म्हणजे काय ते सांगते, कारण माझाही घोळ होता. मला वाटायचं, वर गुरुत्वाकर्षण नसतं. असतं. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं आणि तिथे पृथ्वीची ओढ इथल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास भरते. फक्त ते स्थानक, त्यातली माणसं, पाण्याचा थेंब, सगळं एकाच वेगाने पडत असतं. विहिरीत उडी मारल्यावर पाण्याला टेकेपर्यंत जे पोटात गोळा आल्यासारखं होतं, ते महिनोन्महिने चालू ठेवा, म्हणजे झालं. स्थानक पुढेही इतक्या जोरात धावत असतं, की पडता पडता पृथ्वीलाच वळसा घालतं.

पाण्यात तरंगणं ही वेगळी गोष्ट. आमच्या तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. धोंड्याच्या महिन्यात तिथे जत्रा भरते. त्या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण तरंगणाऱ्या विटेलाही वजन असतं, पाणी तिला खालून उचलून धरतं इतकंच. पोटातल्या बाळाचं तसंच. गर्भजलात ते अलगद असतं, म्हणून सुरुवातीला काही शास्त्रज्ञांना वाटलं, की बाळाला वर गेल्याने काय फरक पडणार? ते तर आधीच तरंगतंय. पण आपल्या कानाच्या आतल्या भागात चुनखडीचे बारीक कण असतात. ते ओढीच्या दिशेने सरकतात आणि मेंदूला कळवतात, की खाली कुठे आहे. पोटातल्या बाळाच्या कानातही हे कण तयार होतात. पाण्यातही त्यांना खाली-वर कळतं. आई वाकली, उठली, कुशीवर वळली, की बाळाला ते समजतं.

अभिमन्यूची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. हल्ली त्या गोष्टीवर गर्भसंस्काराचे क्लास चालतात, ॲप निघालेत, पैसे घेऊन पोटाला श्लोक ऐकवतात. बाळ पोटात सगळ्यात आधी जे शिकतं त्यातला एक धडा 'खाली कुठे' हा आहे आणि तो फुकट मिळतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

माणसाचं म्हणाल, तर आजपर्यंत एकही मूल अंतराळात जन्मलेलं नाही. त्यातल्या त्यात जवळची गोष्ट आहे एका मुलीची, येलेनाची. तिची आई व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा ही अंतराळात गेलेली पहिली बाई. मूळची कापडगिरणीतली कामगार. पॅराशूटने उड्या मारायचा नाद होता, म्हणून निवडली गेली. १६ जून १९६३ला ती व्होस्तोक-६मधून एकटी गेली आणि तीन दिवसांत पृथ्वीला ४८ फेऱ्या मारून आली. त्याच नोव्हेंबरमध्ये तिचं लग्न आंद्रियान निकोलायेव्ह या अंतराळवीराशी झालं, आणि ८ जून १९६४ला येलेना जन्मली. आई आणि बाप दोघेही अंतराळात जाऊन आलेलं ते जगातलं पहिलं मूल. डॉक्टरांनी तिला पाळण्यापासून तपासलं. काही बिघाड सापडला नाही. मुलगी मोठी होऊन स्वतःच डॉक्टर झाली.

त्यानंतर १९ वर्षं कुणी बाईच वर गेली नाही. १९८२मध्ये स्वेतलाना सावित्स्काया गेली, १९८३मध्ये अमेरिकेची सॅली राइड. राइडच्या वेळी नासाच्या इंजिनिअरांना काळजी होती ती पाळीची. रक्त खाली न जाता उलटं पोटात जाईल का? त्यांनी तिला विचारलं होतं, आठवड्याला १०० टॅम्पॉन पुरतील ना? पुढे बायका जात राहिल्या आणि दिसलं, की पाळी वरही इथल्यासारखीच येते. शरीर गर्भाशयाच्या आकुंचनाने रक्त बाहेर टाकतं, त्याला उतार लागत नाही.

मग बाळंतपणाला लागतो का? हे विचारायला माणसं नव्हती, म्हणून जनावरं गेली. १९७९मध्ये सोव्हिएत संघाने कॉसमॉस-११२९मध्ये उंदरांचे नर-माद्या वेगवेगळे नेले आणि वर गेल्यावर मधला पडदा काढला. परत आल्यावर एकही मादी व्याली नाही. काहींत गर्भ राहून विरून गेला असावा, अशा खुणा दिसल्या. १९८३च्या डिसेंबरमध्ये कॉसमॉस-१५१४ने दहा गाभण उंदरीण पाच दिवस वर नेल्या. ज्या विण्यासाठी राखल्या होत्या, त्यांना पिल्लं झाली, पण त्यातल्या काहींचं विणं लांबलं.

१९९४च्या जुलैमध्ये कोलंबियातच जपानच्या मेडाका माशांच्या दोन जोड्या गेल्या. वजन गेलं, की मासे गोल गोल फिरत राहतात, कारण वर कुठे तेच कळत नाही. म्हणून न फिरणारे मासे निवडून घेतले होते. ते वर जुळले, माद्यांनी ४३ अंडी घातली आणि उतरायच्या आधी त्यातून आठ पिल्लं बाहेर आली. अंतराळात जुळून तिथेच पिल्लं झालेले हे पहिले पाठीचा कणा असलेले जीव. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे मासे, पण मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ मी अडकले ती पुढच्या प्रयोगाशी. नोव्हेंबर १९९४ आणि जुलै १९९५, अशा दोन वेळा नासाने गाभण उंदरीण नऊ ते अकरा दिवस वर ठेवल्या आणि विण्याच्या दोन दिवस आधी खाली आणल्या. एप्रिल रोन्का आणि जेफ्री अल्बर्ट्स या शास्त्रज्ञांनी बाळंतपणांवर कॅमेरे लावले. पिल्लं वेळेवर झाली, संख्याही ठीक, वजनंही ठीक. गर्भाशय आपलं काम करत होतं. पण पिल्लू बाहेर ढकलताना पाठ आणि पोट ताणून ज्या कळा द्याव्या लागतात, त्या या माद्यांना जमिनीवरच्या उंदरिणींच्या दुप्पट द्याव्या लागल्या. कारण साधं होतं. पोटाचे स्नायू वर सैल पडले होते. जमिनीवर गाभण मादी चालते, मागच्या पायांवर उभी राहते, स्वतःचं वाढतं ओझं पेलते, आणि त्यातच तिची बाळंतपणाची तालीम होते. वर ओझंच नव्हतं.

त्यांची पिल्लं पाण्यात पाठीवर सोडली, तर जमिनीवरच्या पिल्लांसारखी चटकन पालथी होईनात. खाली-वरचा धडा अर्धाच झाला होता. पण आया वर असताना अधांतरी कोलांट्या खूप मारायच्या, आणि गोल फिरवल्यावर ही पिल्लं उलट जास्त जागी व्हायची. आईने जे केलं तेच ती शिकून आली होती. खाली आल्यावर थोड्याच दिवसांत ती पाण्यात सरळ व्हायला लागली.

हे वाचून झाल्यावर मी आईला तिचं बाळंतपण विचारलं. पहिल्यांदाच. सत्तावीस वर्षं मला ते विचारावंसं वाटलं नव्हतं, हे लिहिताना जड जातंय.

"इचारायचं काय त्यात," आई म्हणाली. "सकाळी फडात गेले. नऊ वाजता पोटात दुखाया लागलं. एक मोळी टाकली गाडीत, मग म्हातारी म्हणली, चल कोपीत." म्हातारी म्हणजे टोळीतलीच एक आजी, तिने चाळीसेक पोरं हाताखाली काढलेली. तिने आईला झोपू दिलं नाही. कोपीच्या मधल्या बांबूला कासरा बांधला, आईला उकिडवी बसवली आणि कासरा धरून लोंबकळ म्हणाली. आमच्याकडे जुन्या घरांत आढ्याला दोर बांधायची रीत होतीच. आईची आजी तशीच बाळंत झालेली.

आता हा कासरा बिनवजनाच्या ठिकाणी न्या. लोंबकळणार कशी? जोर लावला, की स्वतःच मागे जाणार. बांधून घ्यावं लागेल, सुइणीलाही. पाणी आणि रक्त खाली न पडता गोळे होऊन हवेत फिरणार. पहिल्या टप्प्यात उभं राहिल्याने, चालल्याने किंवा बसल्याने वेणांचा काळ साधारण तास-सव्वा तासाने कमी होतो, असं कित्येक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. ती मदत तिथे नाही. हे ओझ्याचं गणित १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज आणि शार्लट ब्लॉन्स्की या जोडप्याने भलत्याच दिशेला नेलं. त्यांनी बाळंतपणाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बाईला गोल टेबलावर पट्ट्यांनी बांधायचं, टेबल गरगर फिरवायचं आणि बाळ बाहेर फेकलं गेलं, की ते जाळीत झेलायचं. दोघांना मूल नव्हतं. प्राणिसंग्रहालयात विण्याआधी गरगरणारी हत्तीण बघून कल्पना सुचली म्हणतात. १९९९मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. हसून झाल्यावर लक्षात येतं, की अंतराळात कधी बाळंतपण करायचंच झालं, तर फिरत्या यानात खोटं वजन तयार करणं याच्यासारखाच काहीतरी उपाय लागेल.

आता १९९८च्या पिल्लांकडे येते. मोहिमेचं नाव न्यूरोलॅब. आठ दिवसांची पिल्लं इथे आईच्या पोटाखाली ढिगाने पडून असतात. वर 'खाली' नाही, ढीग नाही. पिल्लं तरंगत लांब जायची, दूध सुटायचं. सगळ्यात लहान पिल्लांपैकी निम्म्याच्या आसपास मेली. यानातले लोक, त्यात रिक लिनहान नावाचा जनावरांचा डॉक्टर होता, जगलेल्यांना हाताने पाणी-दूध पाजत बसले. जी परत आली, त्यांचं पुढे चालणं, पोहणं बरंचसं ठीक झालं. पण पाठीवर ठेवल्यावर कूस बदलायची त्यांची तऱ्हा मात्र वेगळी झाली आणि वेगळीच राहिली. शिकायच्या वयात जमीन मिळाली नाही, तर तो धडा नंतर तसाच भरून निघत नाही.

आपल्याकडे लेकराच्या पहिल्या वर्षाचे प्रश्न ठरलेले. मान धरली का? पालथं पडतं का? बसायला लागलं का? रांगतं का? आत्या, मावश्या, शेजारणी, सगळ्या क्रमाने हेच विचारतात. आता मला ते ओढीचे धडे मोजल्यासारखे वाटतात.

माझे धडे झोळीत झाले. आई सहाव्या दिवशी फडात गेली. टायरगाडीच्या खाली सावलीत लुगड्याची झोळी बांधायची, तासातासाला येऊन पाजायची. मधल्या दिवसांचा मुकादमाने खाडा धरला, म्हणजे कामावर न आल्याबद्दल उचलीतून पैसे कापले. त्याला कुणी वाईट म्हणत नव्हतं, रीतच होती. उसाच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बायको बसली, की कोयता अर्धा होतो.

याच्या शेजारी अंतराळाचे नियम ठेवून बघा. नासामध्ये गरोदर बाईला उडू देत नाहीत. उड्डाणाआधी तपासणी होते. पण तिची जागा जात नाही. ॲना फिशरला मोहिमेवर नेमलं, तेव्हा तिला नववा महिना लागत आला होता. जुलै १९८३मध्ये मुलगी झाली आणि नोव्हेंबर १९८४मध्ये सव्वा वर्षाचं लेकरू घरी ठेवून ती गेली. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकी आई. उडू न देण्याला कारणंही पक्की आहेत. भारतात किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या बाईने दिवस राहिल्याचं कळवलं, की उरलेल्या महिन्यांत गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा पोचू नये, असा नियम आहे. अंतराळ स्थानकावर तेवढी मात्रा एक-दोन दिवसांत भरते. शिवाय वर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरतं, आणि बाळाला नऊ महिन्यांत ३० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, ते तर आईच्याच अंगातून. म्हणून उंदरांवर चाळीस वर्षं प्रयोग होऊनही माणसाच्या बाबतीत सगळे थांबलेत. आपल्या गगनयानात तर माणसांच्या आधी व्योममित्रा जाणार आहे. बाईच्या रूपातला, पाय नसलेला यंत्रमानव. तिच्या बाळंतपणाचा प्रश्नच नाही.

खाली जमिनीवरचा नियमही जुना आहे. १९२८मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतरजेच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. तो कारखान्यांतल्या बायकांसाठी होता. तेरेश्कोव्हा मुंबईत असती, तर तिला लागू झाला असता. माजलगाव तेव्हा निजामाच्या राज्यात, हा कायदा इकडे आलाच नाही. मग १९६१मध्ये, गागारिन वर गेला त्याच वर्षी, साऱ्या देशाचा मातृत्व लाभ कायदा आला. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घ्यायचं नाही, आधीच्या आठवड्यांत तिने मागितलं तर जड काम द्यायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. पण आई कारखान्याची कामगार नव्हती. ती मुकादमाकडून उचल घेतलेला अर्धा कोयता होती. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, आई कुणाचीच नाही. सहा आठवड्यांच्या जागी सहा दिवस झाले ते असे.

माझी मावशी आईपेक्षा चार वर्षांनी लहान. पोटात दुखतं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली. "पिशवी काढा, कॅन्सर होईल," असं सांगितलं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली. पुढच्या दिवाळीनंतर ती परत फडात. ती एकटी नव्हती. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. २०२४-२५च्या हंगामानंतर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने परतलेल्या बायका तपासल्या, त्यात १,५२३ जणींनी पोटुशी असताना ऊस तोडल्याची नोंद आहे. मोळी तीस-चाळीस किलोची असते. ती डोक्यावर घेऊन, गाडीला टेकवलेल्या फळीवरून चढून वर टाकायची. उंदरिणीच्या पोटाला ओझं हवं होतं हे खरं, पण तिला ते स्वतःच्या पिल्लांचं हवं होतं.

सिंदफणेवरचं धरण १९८७ला पुरं झालं, आता माजलगावच्या आसपासही ऊस आहे. तरी दिवाळी झाली, की आमच्या गल्लीतून टायरगाड्या निघतातच. आईने पाच वर्षांपूर्वी जाणं सोडलं. गुडघे गेले.

हे सगळं मी तिला सांगितलं. उंदीर, मासे, कानातले कण, सगळं. ती शेंगा निवडत ऐकत होती. मेलेल्या पिल्लांपाशी थांबली. "त्यांच्या आया काय करत व्हत्या?" म्हणाली. मी म्हटलं, त्याही तरंगत होत्या. त्यावर काही बोलली नाही. मग मी तिला स्थानकाचा व्हिडिओ दाखवला. एक बाई हाताएवढी मोठी पेटी एका बोटाने ढकलत होती.

"तिथं मोळी किती भरंल?" आईने विचारलं.

"काहीच नाही. शून्य."

तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"मग काट्यावर टन कसं लावतेत? पैसे कशाचे देतेत?"